नव्या गाडीची वेळ



डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठच्या सुमारास उभ्या असलेल्या कोणत्याही गृहस्थास विचारा, रेल्वेने काय करावे? उत्तर ठरलेले आहे: गाड्या वाढवाव्यात. मीही अनेक वर्षे याच फलाटावरून कचेरी गाठतो आणि हेच उत्तर पुष्कळदा दिलेले आहे. परंतु कागद चाळण्याची जन्माची खोड असल्यामुळे, एक गाडी वाढविणे म्हणजे नेमके काय, याची चौकशी केल्यावाचून मला राहवले नाही.

एका मार्गावर दोन गाड्यांमध्ये तीन मिनिटांचे अंतर राखावयाचे, तर तासात वीस गाड्या धावतात. एकविसावीस जागाच नसते. त्यातून शेवटच्या स्थानकी गाडी रिकामी होऊन पुन्हा भरेपर्यंत फलाट अडलेला. मग गाडीच लांब का करू नये? बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची केली, तर तीच वेळ घेऊन ती एकचतुर्थांश माणसे अधिक नेते. पश्चिम मार्गावर 2009 साली व मध्य मार्गावर 2012 साली अशा गाड्या सुरू झाल्या. मात्र फलाट लांबविल्याखेरीज मागचे डबे उघड्यावरच उभे राहावयाचे, आणि दाट वस्तीत फलाट लांबविणे हे घर वाढविण्याइतके सोपे नाही.

उरला नवा रूळ. ठाणे ते दिवा हे अंतर जेमतेम नऊ किलोमीटरांचे. लांब पल्ल्याच्या गाड्यांना लोकलपासून वेगळे काढण्यासाठी येथे पाचवी व सहावी मार्गिका 2008 साली हाती घेण्यात आली. ती खुली झाली 18 फेब्रुवारी 2022 रोजी. तिच्या बळावर छत्तीस जादा फेऱ्या मिळाल्या. चौदा वर्षे आणि छत्तीस फेऱ्या! रेल्वेला दोष देणे सोपे आहे. पण चालू वाहतुकीच्या कुशीत हे काम करावयाचे, म्हणजे शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंतचे मध्यरात्रीचे दोन-अडीच तासच काय ते हाती लागतात. एरवी रविवारचा मेगाब्लॉक, ज्याला आपण सारेच नावे ठेवतो. दरम्यान कल्याणपलीकडे इमारती मात्र कोणाची वाट न पाहता उभ्या राहत होत्या.

घर आधी की गाडी आधी? नव्या मुंबईसाठी सिडकोची स्थापना 1970 साली झाली. वाशीस लोकल पोहोचली 1992 साली. मानखुर्द-बेलापूर मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश भार सिडकोने उचलला, म्हणजे जमीन विकणाऱ्यानेच रुळाचे पैसे दिले. ही रीत मला न्याय्य वाटते. तरीही त्या बावीस वर्षांत तेथे राहावयास गेलेल्यांनी काय सोसले, ते त्यांनाच ठाऊक.

आता थोडे आमच्याविषयी, म्हणजे कचेऱ्यांविषयी. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाने पाच दिवसांचा आठवडा केला आणि कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरविली. ती बहुतेकांसाठी एकच. पुढे साथीच्या काळात, 1 फेब्रुवारी 2021 पासून, सर्वसामान्यांना सकाळी सातपूर्वी, दुपारी बारा ते चार व रात्री नऊनंतरच लोकलने जाता येई. ती सक्ती होती आणि जाचकही होती. पण माणसांच्या वेळा हलू शकतात, एवढे तिने दाखविले. मध्य रेल्वेने 1 नोव्हेंबर 2023 पासून आपल्या मुंबईतील कार्यालयात साडेनऊ व साडेअकरा अशा दोन वेळा करून पाहिल्या. रूळ न टाकता, पूल न बांधता होण्याजोगे एवढेच काम आहे. हे माझ्या कचेरीत मी बोलून दाखविले, तेव्हा एका भगिनीने विचारले, “मुलाची शाळा साडेबाराला सुटते, तिचे काय करू?” मला उत्तर देता आले नाही. कचेरीची वेळ शाळेच्या वेळेला बांधलेली, शाळा दोन पाळ्यांना बांधलेली. एक गाठ सोडविताना दुसरी आवळते.

9 जून 2025 रोजी मुंब्र्याच्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि काहींनी प्राण गमावले. सकाळचीच वेळ होती. त्या दिवशी आमच्या हजेरीपटावर, नित्याप्रमाणे, उशिरा आलेल्यांच्या नावांपुढे लाल शाईने खुणा झाल्या. दुसऱ्या दिवशी मी एक टिपण लिहून वर पाठविले: निदान आमच्या शाखेपुरती येण्याची वेळ दीड तासाच्या आत सोयीने निवडू द्यावी. ते अजून विचाराधीन आहे.