मुलींचा संघ आणि त्याचा जमाखर्च



कामगार चळवळीतल्या माणसाला खेळावर बोलावयास का उभे केले, असे कोणाच्या मनात येईल. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे हजेरीपट आणि पगारपत्रके वाचून झाले. महाविद्यालयातल्या मुलींच्या खो-खो संघाकडेही आम्ही त्याच नजरेने पाहतो.

खो-खोला लागतात दोन खांब आणि मोकळे मैदान. आठजणी बसतात, एक धावते. खेळ स्वस्त, म्हणून आपल्या मुलखात रुजला. पण खेळ स्वस्त म्हणून खेळणारीही स्वस्त, असा हिशेब चालक मांडतात, आणि आमचे भांडण तेथे आहे. एका महाविद्यालयाचे खेळाचे खाते आम्ही मागून घेऊन वाचले. मंडप, हारतुरे, करंडक सारे होते. बुटांची ओळ नव्हती. सरावानंतरच्या दूध-अंड्यांची तर नव्हतीच. प्रवासभत्ता होता, पण परत आल्यावर मिळणारा. ज्या घरी एसटीचे भाडे उसने आणावे लागते, तेथे 'मागाहून देऊ' याचा अर्थ 'येऊ नकोस' असाच होतो.

धाराशिवच्या सारिका काळे तुम्हांस ठाऊक आहेत. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या येथेच, तुळजापुरात, क्रीडा अधिकारी होत्या. सुमारे दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळे, असे त्यांनीच त्या वेळी सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. पण एकवेळच्या जेवणावर ज्या टिकल्या नाहीत, त्या किती असतील?

आता यादीचे पाहा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि महाविद्यालयीन स्पर्धांचे दिवसही तेच. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता. घरी मागे राहिलेल्या मुलीची नोंद कोणत्याच वहीत नाही. धाकटी भावंडे आणि म्हातारी आजी तिच्या गळ्यात. ऑगस्टात तिचे नाव संघात असते. डिसेंबरात त्यापुढे 'गैरहजर' एवढेच. गिरणीच्या हजेरीपटावर असा शेरा दिसला, की आम्ही आधी कामगाराच्या घरी जात असू.

अभ्यासाचेही तसेच. स्पर्धेचे दिवस हजेरीत धरतात, ठीक आहे. पण बुडालेले प्रात्यक्षिक कागदावर धरल्याने हाताला येत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे खरे. अनेक जागांना मात्र पदवी आधी लागते.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. नावे, पैसा आणि राहिलेले विषय एकाच वहीत लिहा, भाडे आगाऊ द्या, आणि ती वही संघातल्या दोघींना पाहू द्या. येत्या जूनमध्ये आम्ही ते खाते पुन्हा मागावयास जाणार आहोत. बरोबर कोण येणार, त्यांनी व्याख्यान संपल्यावर भेटावे.