कुठे ताठ, कुठे मऊ



रायपुरात, चौबे कॉलोनीत, यंत्रविद्येवर मराठीतून बोलायला मिळणं ही चैन आहे आणि ती मी आज पुरेपूर करून घेणार आहे. देश कसा घडवावा, अपयशाला कसं सामोरं जावं, हे सांगणारी माणसं आज पदवी घेऊन निघालेल्या तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला सांगता येतं ते एवढंच, की एखादा भाग कुठे ताठ ठेवावा आणि कुठे मऊ. विषय माझ्या धंद्यातला आहे : संगणकाच्या हार्ड डिस्कमधले यांत्रिक भाग.

इथून जीई रोडला लागलं की एनआयटी येतं. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये त्या इमारतीची पायाभरणी केली, तेव्हा ते खाणकाम आणि धातुशास्त्राचं सरकारी महाविद्यालय होतं. त्याच महिन्यात अमेरिकेत आयबीएमनं ‘३०५ रॅमॅक’ हा संगणक जाहीर केला. हार्ड डिस्क पहिल्यांदा बाजारात आली ती त्याच्यासोबत. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एका आसावर, मिनिटाला १२०० फेरे, वजन टनाच्या घरात. एवढ्या धुडात पन्नास लाख अक्षरं बसत. आजच्या फोनमधला एखादा मोठा फोटो जेमतेम मावला असता. माहिती वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीला घासू नये म्हणून त्यातून दाबाखालची हवा सोडावी लागे, म्हणजे शेजारी कॉम्प्रेसर आलाच. योगायोगाला मी अर्थ चिकटवत नाही. पण तुमच्या गावातलं हे महाविद्यालय आणि हार्ड डिस्क एका वयाची आहेत, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

आजच्या साडेतीन इंची ड्राइव्हमधली तबकडी ९५ मिलिमीटरची असते. ती मिनिटाला ७२०० फेरे घेते, तेव्हा तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगानं धावत असते. तिच्यावर हवेच्या थरावर तरंगणारा, हेड वाहून नेणारा स्लायडर ०.८५ मिलिमीटर लांब आणि ०.७० मिलिमीटर रुंद, आणि दोघांमधलं अंतर काही नॅनोमीटर. दोन ट्रॅकमधलं अंतर साधारण ५० नॅनोमीटर. या आकड्यांना लोक टाळ्या वाजवतात. डिझाइन करणाऱ्याचं काम मात्र टाळ्या थांबल्यावर सुरू होतं, कारण त्याला विचारायचं असतं : तो स्लायडर धरलाय कशानं?

धरलाय एका स्टेनलेस स्टीलच्या पट्टीनं. तिला सस्पेन्शन म्हणतात. जाडी काही दशक मायक्रॉन, आणि ती स्लायडरला तबकडीकडे दाबते दोन-अडीच ग्रॅमच्या आसपासच्या जोरानं. या पट्टीकडून काय काय मागितलंय ते बघा. आडव्या दिशेला ती ताठ हवी, कारण तिला धरणारा हात एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर झेपावतो तेव्हा स्लायडर मागे रेंगाळला तर सगळंच गेलं. वरखाली ती मऊ हवी, कारण तबकडी कितीही सपाट केली तरी थोडी डुलतेच आणि स्लायडरनं तिच्यामागे जायला हवं. स्लायडर पुढेमागे आणि डावीउजवीकडे कलू शकला पाहिजे, म्हणून त्या बाबतीत पट्टी आणखी मऊ हवी. धातू एकच, पत्रा एकच, मागण्या एकमेकींच्या विरुद्ध. सुपात धान पाखडणाऱ्या बाईचे दंड पाहिलेत? दंड घट्ट, मनगट सैल, आणि दोन्ही एकाच हाताचे.

हे साधतं ते भूमितीनं. पट्टीच्या दोन्ही लांब कडा दुमडून उभ्या करतात. पत्र्याची जाडी तीच राहते, पण मधला भाग तुळईसारखा ताठ होतो. बुडाशी, जिथे पट्टी हाताला जोडलेली असते, तिथे कडा दुमडत नाहीत, उलट खिडकी कापून पत्रा आणखी अशक्त करतात. दाबाची स्प्रिंग तिथे तयार होते. टोकाला जिम्बल नावाचा अगदी पातळ लवचीक तुकडा, त्यावर स्लायडर चिकटवलेला, आणि मधोमध ठोकून काढलेला एक बारीकसा उंचवटा, ज्याच्यावर तो सगळ्या बाजूंना कलतो. आडवा ताठपणा वाढवायला जाड पत्रा घ्यावा, असं पहिल्या वर्षाच्या मुलालाही सुचतं. पण जाडीबरोबर वजन वाढतं, आणि वरखालीही पट्टी कडक होऊन बसते. मग स्लायडर तबकडीच्या मागे जाण्याऐवजी तिच्यावर आपटतो. एका जागी वाढवलेला ताठपणा दुसऱ्या जागी महागात पडतो.

म्हणून तुमच्या प्रोजेक्टच्या ड्रॉइंगवर प्रत्येक मापापुढे अधिक-उणे ०.०१ लिहिलेलं दिसलं की मला चीड येते. ‘का’ विचारलं तर उत्तर येतं, ‘सर, अचूकता.’ सगळीकडे घट्ट टॉलरन्स लिहिणं म्हणजे डिझाइन करायचं टाळणं. कुठलं माप सांभाळायचं आणि कुठलं मोकळं सोडायचं, हे ठरवायची जबाबदारी तुम्ही लेथवर उभ्या माणसाच्या गळ्यात घालता, आणि बिल कारखान्याला पाठवता.

बेअरिंगचीच गोष्ट घ्या. आधी तबकड्या बॉल बेअरिंगवर फिरत. गोळ्या कितीही काळजीनं घासल्या तरी पूर्ण गोल नसतात, आणि त्यांचा बारीक झोल प्रत्येक फेऱ्यात वेगळ्या जागी येतो. जो झोल दर फेऱ्याला त्याच जागी येतो, त्याचा अंदाज बांधून हेडला तसं हलवता येतं. जो ठिकाण बदलतो, त्याच्याशी झगडायचं कसं? ट्रॅक अरुंद होत गेले तसा हा झोल सोसेनासा झाला. २००० सालच्या आगेमागे उद्योग तेलाच्या बेअरिंगकडे वळला. शाफ्ट आणि स्लीव्हमध्ये धातूला धातू लागतच नाही, मध्ये तेलाचा पातळ थर. पृष्ठभागावर कोरलेल्या तिरप्या खाचा शाफ्ट फिरताना तेल मध्यभागी ढकलतात आणि दाब आपोआप तयार होतो. पृष्ठभागावरची लहानसहान चूक तेलाच्या थरात विरून जाते. चोख गोळ्यांच्या मागे लागून जे हाती आलं नाही, ते चूक पचवणाऱ्या थरानं दिलं. बाहेरचा आवाजही कमी झाला, हा वरचा नफा.

आता उन्हाळा. तो रायपूरकरांना मी काय सांगणार? मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो आणि बंद डब्याच्या आत त्याहून जास्त. ॲल्युमिनियमचा पाच सेंटिमीटर लांबीचा तुकडा ३० अंशांनी तापला तर सुमारे ३४ मायक्रॉन वाढतो. ट्रॅकच्या हिशेबात हे अंतर जवळजवळ सातशे ट्रॅकांचं. सगळे भाग एकाच प्रमाणात वाढले असते तर निभावलं असतं. पण आत ॲल्युमिनियम आहे, स्टील आहे, तांबं आहे, प्लास्टिक आहे, काही ड्राइव्हमध्ये काचेची तबकडी आहे, आणि प्रत्येकाची वाढ वेगळी. एके काळी एक अख्खा पृष्ठभाग फक्त दिशादर्शनासाठी राखून ठेवत आणि बाकीची हेडं त्याच्या भरवशावर चालत. गरम झाल्यावर हेडांची रांग थोडी वाकडी व्हायची आणि भरवसा फोल ठरायचा. मग प्रत्येक पृष्ठभागावरच, माहितीच्या मधेमधे, खुणा लिहायची पद्धत आली. हेड त्या वाचतं, आपण किती सरकलो ते ओळखतं आणि जागेवर येतं. प्रसरण थांबवता येत नाही. त्याची दखल घेणारी सोय करता येते.

भिलाईचं उदाहरण तर तुमच्या दारातलं. तिथून २६० मीटर लांबीचे जोडलेले रूळ रेल्वेला जातात, आणि ते पुढे आणखी लांब जोडले जातात. तिथे उत्तर उलटं आहे : मधल्या लांबीला स्लीपरला इतकं घट्ट जखडायचं की रूळ वाढूच शकत नाही, ताण पोटात धरून राहतो, आणि टोकांना मात्र सरकायला जागा ठेवायची. प्रश्न तोच, धरायचं कुठे आणि सोडायचं कुठे.

धुळीबद्दल थोडं, कारण सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांच्या बाजूला राहणाऱ्यांना ते पटकन कळेल. ड्राइव्ह ज्या खोलीत जुळवतात तिथली हवा गाळून घेतलेली असते. तरी खरी भीती बाहेरच्या धुळीची नसून आतून सुटणाऱ्या कणांची. आंधळ्या भोकात आटे पाडल्यावर राहिलेली धातूची बर, स्क्रू आवळताना सुटलेला कपचा, गोंदातून हळूहळू निघणारी वाफ. हे सगळं त्या काही नॅनोमीटरच्या फटीत येऊन बसतं. म्हणून ड्रॉइंगवर ‘बर काढा’ एवढं लिहून भागत नाही. बर पडणारच नाही असं भोक काढावं लागतं, किंवा पडलीच तर ती जिथे अडकून राहील अशी जागा द्यावी लागते. साध्या ड्राइव्हला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक गाळणी लावलेलं छिद्र असतं आणि शेजारी ते झाकू नका अशी सूचना. हेलियम भरलेल्या ड्राइव्हना, ज्या २०१३ पासून बाजारात आहेत, ते छिद्र चालत नाही. हेलियम हवेच्या सातव्या हिश्शाइतका विरळ, त्यात तबकड्या कमी फडफडतात, त्या पातळ करता येतात आणि त्याच डब्यात जास्त बसतात. पण तो ओतीव ॲल्युमिनियममधल्या बारीक छिद्रांतूनही पळतो. मग डाय कास्टिंगची पोरोसिटी, जी फाउंड्रीतला माणूस एरवी रंगाखाली झाकतो, ती थेट माहितीच्या आयुष्याशी जाऊन भिडते.

आणि आवाज. २००८ च्या शेवटी सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग यांनी ड्राइव्हच्या रांगेसमोर उभं राहून मोठ्यानं ओरडून दाखवलं. पडद्यावरच्या आलेखात त्या क्षणी कामाला लागणारा वेळ उसळला. विसर्जनाच्या झाकीपुढे धुमाळ बँड वाजतो तेव्हा रस्त्याकडेच्या दुकानातल्या संगणकाचं काय होत असेल, याचा मोजून अभ्यास तुमच्यापैकी कुणीतरी करावा. मी विनोद करत नाही.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. सिरजंग लाल टंडन यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात टंडन कॉर्पोरेशन काढलं. सुरुवातीचा माल फ्लॉपी ड्राइव्हची चुंबकी हेडं, आणि ती करण्याचं बोटांचं काम भारतात, कारण मजुरी स्वस्त. मुंबईत अंधेरीला १९७३ पासून सीप्झ हे निर्यातक्षेत्र उभं होतं, तिथे टंडन समूहाचे कारखाने आले. सीप्झच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत बहुतांश बायका काम करत, त्यात मराठी बायका पुष्कळ. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला तेव्हा त्यात टंडनच्या फ्लॉपी ड्राइव्ह होत्या. १९८८ साली कंपनीचा डिस्क ड्राइव्हचा धंदा वेस्टर्न डिजिटलनं घेतला. कौशल्य आपल्या बोटांत होतं. ड्रॉइंग दुसऱ्या किनाऱ्यावर निघत होतं. हार्ड डिस्कचा मोठा उद्योग भारतात उभा राहिला नाही, तो थायलंड, मलेशिया, फिलिपिन्स, चीनकडे गेला, आणि २०११ च्या पुरात थायलंडचे कारखाने बुडाले तेव्हा जगभर किमती चढल्या. मोटर करणारा, पिव्होट बेअरिंग करणारा, सस्पेन्शन करणारा आसपास नसला की नुसत्या जुळणीच्या कारखान्याला मुळं धरत नाहीत. आज जगात हार्ड डिस्क करणाऱ्या कंपन्या तीनच उरल्यात.

तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांना या धंद्यात नोकरी मिळणार नाही, हे मी आजच सांगून टाकतो. लॅपटॉपमधून फिरती तबकडी जवळपास गेलीच. ती उरली आहे मोठ्या डेटा सेंटरांत, जिथे स्वस्तात भरपूर साठवायचं असतं. तरीही हा डबा शिकायला चांगला आहे. पातळ पत्रा, ओतकाम, बेअरिंग, चुंबक, तेल, गोंद, उष्णता आणि कंपन, हे सगळं मूठभर जागेत एकमेकांशी भांडताना दुसरीकडे क्वचित दिसतं.

म्हणून एक काम देतो. दुरुस्तीच्या दुकानातून एक मेलेली साडेतीन इंची ड्राइव्ह मागून आणा. बहुतेक फुकट मिळेल. टी-८ टॉर्क्सनं झाकण उघडा, एखादा स्क्रू लेबलखाली दडलेला असतो तोही काढा. अडीच इंची उघडत असाल तर तबकडी काचेची असू शकते, डोळ्यांना चष्मा लावा. चुंबकांच्या मध्ये बोट घालू नका. मग भाग कागदावर ओळीनं मांडा, व्हर्नियर घ्या, आणि प्रत्येक भागापुढे दोनच गोष्टी लिहा : हा कुठे ताठ आहे आणि कुठे मऊ, आणि तसं का. सस्पेन्शनच्या दुमडलेल्या कडेपासून सुरुवात करा. नोकरीवर रुजू व्हायच्या आधी हे करा, नंतर वेळ मिळत नाही.