वामनदादांचे शेवटचे कडवे



महाकवी वामनदादा कर्डक यांच्या गीतांवर दोन शब्द बोलण्याची संधी मंडळाने दिली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही अभ्यासक नव्हे, साधे श्रोते. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत ज्यांनी गायन पार्ट्यांचे कार्यक्रम पहाटेपर्यंत जागून ऐकले, त्यांच्यापैकीच आम्ही.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे दादांचा जन्म झाला. मुंबईत आल्यावर मोठेपणी ते अक्षरे शिकले आणि १९४३ पासून गीते रचू लागले. बाबासाहेबांचा विचार त्यांनी गावोगाव गाऊन पोहोचविला. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे त्यांचे संग्रह निघाले. १५ मे २००४ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

दादांचे शब्द इतके सोपे, की निरक्षर आईलाही एकदा ऐकून पाठ व्हावेत. आणि शेवटच्या कडव्यात येते त्यांची नाममुद्रा, 'वामन'. संत तुकोबांनी, कबीरांनी जी रीत पाळली, तीच दादांनी पाळली. छापखाना ज्याच्या हाती नाही, त्या कवीने आपले नाव गाण्यातच ठेवले. ज्याने गाणे पाठ केले, त्याने नावही पाठ केले.

पुढे कॅसेटचा जमाना आला. ६० मिनिटांची कॅसेट, एका बाजूला जेमतेम चार-पाच गाणी. वेष्टनावर गायकाचा मोठा फोटो आणि कवीचे नाव बारीक अक्षरांत. एका कॅसेटवरून दुसरी भरून घेतली की तेवढेही उरत नसे, कोऱ्या कागदावर पेनने 'भीमगीते' एवढेच लिहिलेले असे. आज १४ एप्रिल जवळ आला की मोबाईलवर रोज नवी गाणी येतात. मिरवणुकीत मुखडा आणि एखादे कडवे वाजते, तोवर पुढचे गाणे सुरू होते. शेवटचे कडवे येतच नाही. म्हणजे वामनदादांचे नावच गळते!

बंधू-भगिनींनो, गायकांचे ऋण आम्ही मानतोच. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गळ्यांनी भीमगीत घराघरांत नेले. पण गळ्याइतकाच लेखणीचाही मान राहिला पाहिजे. हा पैशाचाही प्रश्न आहे. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने मानधनातील गीतकाराचा वाटा अधिक भक्कम केला. कवीच्या निधनानंतर ६० वर्षे हा हक्क वारसांकडे चालतो. परंतु नावच नोंदलेले नसेल, तर हक्क मागायचा कशाच्या आधारावर?

आपल्या मुलुंडचे शाहीर विलास घोगरे आठवा. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे बळी गेले. त्या आघाताने १५ जुलैला विलासदादांनी आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या चित्रपटात ते गायले होते. २०११ च्या 'जयभीम कॉम्रेड'मुळे त्यांचा आवाज पुढच्या पिढीला ऐकू आला. कॅमेरा तेथे पोहोचला म्हणून तो आवाज राहिला. ज्यांच्यापर्यंत कोणीच पोहोचले नाही, अशा कवींचे काय?

म्हणून आमची मंडळाला नम्र सूचना आहे. घराघरांत पेटीत, माळ्यावर कॅसेट पडून आहेत. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत फितीला बुरशी धरते, तेव्हा विलंब परवडणारा नाही. विद्यार्थ्यांनी त्या गोळा करून संगणकावर उतरवून घ्याव्यात. एका वहीत गीताचा मुखडा, कवी, गायक, संगीतकार आणि कॅसेटचे नाव असे पाच रकाने आखावेत. कवीचा रकाना रिकामा राहिला, तर वस्तीतल्या आजी-आजोबांना शेवटचे कडवे विचारावे. पुष्कळदा उत्तर तेथेच मिळेल. नवे गाणे मोबाईलवर पाठवितानाही कवीचे नाव लिहूनच पाठवावे.

आणि येत्या जयंतीला आपल्या मंचावर प्रत्येक गीत शेवटच्या कडव्यापर्यंत गायले जावे, एवढी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

जयभीम! नमो बुद्धाय!