जुनी मोटार आणि वाढीव हमी
(नभोवाणीवरील भाषण)



बैलबाजारांत बैल घेणारा शेतकरी प्रथम त्याचे दांत पाहतो, मग खूर पाहतो, मग त्यास चार पावलें चालवून पाहतो. इतकें करूनही तो बैल ऐन नांगरटींत बसकण मारतो कीं काय, हें पक्कें ठाऊक असणारा इसम सबंध बाजारांत एकच असतो. आणि तो म्हणजे विकणारा. जुन्या मोटारीचा व्यवहार ह्याच जातीचा आहे. रंगाचा नवा हात, धुतलेलीं आसनें आणि चकचकीत आरसे हें सर्व गिऱ्हाइकास दिसतें. परंतु गिअरबॉक्सच्या पोटांत काय चाललें आहे, तें त्यास दिसत नाहीं.

ह्या अज्ञानाच्या बळावर अलीकडे एक नवा माल विकला जातो. सौदा ठरतो, मालकी बदलण्याचे २९ आणि ३० क्रमांकांचे फॉर्म टेबलावर येतात, आणि सहीसाठीं लेखणी उचलावी तोंच व्यापारी म्हणतो, "साहेब, आणखी कांहीं हजार भरा, म्हणजे वर्षभर चिंता नको." हीच ती 'एक्स्टेंडेड वॉरंटी', अर्थात् वाढीव हमी. ती घ्यावी कीं न घ्यावी, ह्याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे. प्रश्न किरकोळ वाटेल. पण ज्या कुटुंबानें पांचसात वर्षांच्या शिलकेंतून गाडी घेतली, त्यास तो किरकोळ नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'गाडीचा विमा आहे, मग हमी कशाला?' असें कित्येक विचारतात. विमा हा अपघात, चोरी, आग अशा आपत्तींकरितां असतो. चालतां चालतां गाडीचें यंत्र आपोआप बिघडलें, तर सामान्य विमा त्याचा खर्च देत नाहीं. हमी नेमकी अशा बिघाडासाठीं असते. तेव्हां दोहोंचें क्षेत्र निराळें आहे, आणि एकाचें काम दुसऱ्याकडून होत नाहीं.

आतां कायद्याचें साहाय्य किती, तें पाहूं. १९३० सालचा मालविक्रीचा कायदा अद्यापि चालू आहे. त्याच्या १६ व्या कलमाचा सामान्य नियम असा, कीं विकलेल्या वस्तूच्या गुणाबद्दल न बोललेली हमी गृहीत धरावयाची नाहीं. घेणाऱ्यानें आपले डोळे उघडे ठेवावे. त्यास अपवाद आहेत. त्या मालाचा धंदा करणाऱ्यास आपण आपली गरज सांगितली आणि त्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला, तर त्याजवर कांहीं जबाबदारी येते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून अमलांत आला आहे, व त्याअन्वयें व्यापाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. तथापि रस्त्यांत बंद पडलेली गाडी निकालाची वाट पाहत उभी ठेवतां येत नाहीं. म्हणून लेखी हमीची उपयुक्तता मीं नाकारीत नाहीं.

मात्र हमी हमींत फरक आहे. जॉर्ज ॲकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचेंच उदाहरण घेऊन एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पुढें २००१ सालीं त्यास अन्य दोघां पंडितांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती, हें गिऱ्हाइकास ओळखतां येत नसलें, म्हणजे तो सर्वच गाड्यांस मध्यम भाव देऊं लागतो. त्या भावांत चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाहीं. चांगल्या गाड्या बाजारांतून निघून जातात आणि गाळ मागें राहतो. विश्वास जणूं पानिपतांत गेला, अशी त्या बाजाराची अवस्था होते. ह्यावरील उपायांपैकीं हमी हा एक उपाय त्यानें सांगितला आहे.

परंतु हा गुण कोणत्या हमीचा? बैल विकणारा जर म्हणाला, "आठ दिवस नांगराला जुंपून पाहा, मग पैसे द्या," तर ती त्या बैलाविषयींची साक्ष होय. कारण बैल खोटा निघाल्यास नुकसान त्याचें स्वतःचें आहे. त्याचप्रमाणें जो व्यापारी वेगळें मोल न घेतां सहा महिन्यांची हमी लिहून देतो, तो त्या गाडीबद्दल कांहीं तरी सांगत असतो. उलट, दुकानांतील हरएक गाडीवर ठराविक दरानें विकली जाणारी हमी ह्या विशिष्ट गाडीबद्दल एक अक्षरही बोलत नाहीं. म्हणून वाढीव हमीची किंमत विचारण्यापूर्वीं पहिला प्रश्न असा करावा: "आपण स्वतः काय लिहून देतां?" पुष्कळ गोष्टींचा उलगडा त्या उत्तरानेंच होतो.

आतां हिशेब करूं. समजा, गाडी चार लाखांची आहे, आणि वर्षाच्या हमीस १५,००० रुपये पडतात. मोठा बिघाड झाल्यास ६०,००० रुपये लागतील, आणि अशा दहा गाड्यांत एकीस तो होईल, असें धरूं. हे आंकडे केवळ रीत कळावी म्हणून घेतले आहेत. दहा गिऱ्हाइकांकडून १,५०,००० रुपये जमा होतात आणि दुरुस्तीस ६०,००० जातात. उरलेल्या रकमेंतून कर, कचेरीचा खर्च, विकणाऱ्याचें कमिशन आणि नफा निघतो. आंकडे बदलले तरी दिशा बदलावयाची नाहीं. कारण जमा होणारी रक्कम दुरुस्तीच्या खर्चाहून अधिक असल्यावांचून हा धंदा चालणेंच शक्य नाहीं.

मग हमी घेणें हा मूर्खपणाच म्हणावयाचा काय? तसें नाहीं. सरासरी दहा जणांची असते; गाडी एकाचीच बिघडते. ६०,००० रुपयांचें बिल आलें असतां ज्याच्या घरीं मुलीची फी थांबेल किंवा सोनें गहाण पडेल, त्यानें दहा-पंधरा हजार देऊन ती भीति टाळली, तर त्यास कोणी हंसूं नये. ज्यास तें बिल चुटपुट लावील पण घर हलविणार नाहीं, त्यानें तेच १५,००० बँकेंत गाडीच्या नांवानें निराळे ठेवावे; गाडी बिघडली नाहीं, तर ते त्याचेच राहतात. आणि ज्यानें सगळी पुंजी गाडींतच ओतली आहे, त्यास मी तिसरा मार्ग सुचवीन: चार लाखांच्या ऐवजीं साडेतीन लाखांची गाडी पाहावी आणि पन्नास हजार हातीं ठेवावे. हातांतल्या पैशास कोणतेंही कलम लागत नाहीं.

कलमांचा विषय निघालाच आहे, तर तीं कागदावर सही करण्यापूर्वीं वाचावीं. बिघाडानंतर वाचणें म्हणजे वरातीमागून घोडें. टायर, बॅटरी, ब्रेकचे पॅड, क्लचप्लेट हे झिजणारे भाग बहुधा हमींत नसतात. विक्रीपूर्वींचा दोष नसतो. भाड्यानें चालणारी गाडी पुष्कळदां वगळलेली असते. म्हणजे ज्याची चूल तिच्यावर पेटते, त्यालाच नकार मिळतो. बाहेरून सी. एन. जी.ची टाकी बसविली असेल किंवा सर्व्हिसची नोंद अपुरी असेल, तर मागणी फेटाळली जाऊं शकते. दर खेपेस जास्तींत जास्त किती रक्कम मिळेल, दुरुस्ती कोणत्या कारखान्यांत करावयाची, मुदत वर्षानें संपते कीं किलोमीटरांनीं, हें लेखी विचारावें. पाण्यानें झालेली हानिही सामान्यतः बाहेर असते. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असल्या पुरांत बुडालेली गाडी वाळवून, पुसून विकावयास उभी करतां येते; आणि तिचें दुखणें वर आलें, म्हणजे नेमका तेथेंच कागद मुका होतो.

वचन देणारा कोण, हेंही पाहावें. कारखानदार, व्यापारी, कीं कोणी तिऱ्हाईत मंडळी? अमेरिकेंत टेलिफोनवरून असे करार विकणारी 'यू. एस. फिडेलिस' ही कंपनी २०१० सालीं दिवाळखोरींत गेली. शिवाय, गाडी दोनतीन वर्षांचीच असेल, तर कारखान्याची मूळ हमी शिल्लक आहे काय, तें तपासावें. ती बहुधा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. एकाच मुदतीसाठीं दोनदां पैसे भरण्यांत अर्थ नाहीं.

सरतेशेवटीं, हमीच्या आधीं मेकॅनिक. विकणाऱ्याशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं असा जाणता कारागीर घेऊन जा. गाडी थंड असतांना सुरू करावयास लावा. खालीं वांकून गंज पाहा. गालिचा उचलून चिखलाचा माग शोधा. सर्व्हिसच्या नोंदींशीं मीटरचे किलोमीटर ताडून पाहा. ह्यास जो व्यापारी हरकत घेईल, त्याच्या दुकानांतून हमीसुद्धां घेऊं नये. जो आनंदानें किल्ली हातीं देईल, त्याच्याकडील कागद घरीं आणावा, रात्रीं सावकाश वाचावा, आणि सकाळीं ठरवावें. आज सही केली नाहीं तर सवलत जाईल, असें कोणी बजावलें, तर ती सवलत खुशाल जाऊं द्यावी.