पाठ्यपुस्तक आणि गाव

पदवीच्या वर्गात अर्थशास्त्र हा विषय दोन प्रकारे अभ्यासला जातो. काही विद्यार्थी तो प्रमुख विषय म्हणून घेतात, तर काही जण इतिहास, राज्यशास्त्र किंवा गणित यांच्या जोडीला गौण विषय म्हणून. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक ठरविले असून, त्यांपैकी किमान ६० प्रमुख विषयासाठी व २४ गौण विषयासाठी आहेत. साहजिकच एक प्रश्न उपस्थित होतो. साठांचे चोवीस करावयाचे झाल्यास या विषयातील काय गाळावे, आणि काय कोणत्याही परिस्थितीत गाळू नये?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना भारतातील अर्थशास्त्राच्या अध्यापनाचा इतिहास उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकात आपल्या महाविद्यालयांत हा विषय इंग्रज ग्रंथकारांच्या पुस्तकांवरून शिकविला जात असे. त्या पुस्तकांतील सिद्धान्त म्हणजे सर्व देशांना व सर्व काळांना लागू पडणारे निसर्गनियमच होत, अशी समजूत रूढ होती. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या समजुतीलाच हात घातला. मनुष्य केवळ स्वहित पाहून वागतो, भांडवल व श्रम एका व्यवसायातून दुसऱ्या व्यवसायात विनासायास जाऊ शकतात, ही त्या सिद्धान्तांमागील गृहीते भारतीय समाजाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. शास्त्र टाकून द्यावे असे त्यांचे म्हणणे नव्हते. शास्त्राची गृहीते तपासून घ्यावीत, एवढाच त्यांचा आग्रह होता.

गृहीते तपासावयाची, पण ती कशी? या प्रश्नाचे एक उत्तर मद्रासमध्ये मिळाले. १९१५ साली गिल्बर्ट स्लेटर हे मद्रास विद्यापीठात अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यापूर्वी ते ऑक्सफर्ड येथील रस्किन कॉलेजचे प्राचार्य होते. येथे आल्यावर त्यांना जाणवले की विद्यार्थ्यांपाशी पुस्तकी ज्ञान पुष्कळ आहे, परंतु ज्या खेड्यांतून ते आले त्या खेड्यांचा अर्थव्यवहार त्यांच्या अभ्यासात कोठेच येत नाही. १९१६ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली आणि खेड्यांची पाहणी करावयास सांगितले. जमीन कोणाकडे किती आहे, पिके कोणती, मजुरी पैशांत मिळते की धान्यात, कर्ज किती व कशासाठी काढले, असे ते साधे प्रश्न होते. या पाहण्यांतून १९१८ साली दक्षिण भारतातील खेड्यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावी हॅरल्ड मॅन यांनी केलेली पाहणीही १९१७ मध्ये ग्रंथरूपाने बाहेर आली होती. आज ते गाव पिंपरी-चिंचवड शहरात सामावून गेले आहे.

विद्यार्थ्यांच्या या पाहणीचे मोल एका उदाहरणावरून लक्षात येईल. तत्कालीन दक्षिण अर्काट जिल्ह्यातील इरुवेलपट्टू गावात ‘पडियाल’ नावाचा मजुरांचा वर्ग होता. लग्नकार्यासारख्या प्रसंगी मजूर जमीनमालकाकडून कर्ज घेई आणि त्यापायी त्याच्याकडे बांधला जाई. कर्ज फिटत नसे, आणि बापाच्या मागे ते मुलाच्या माथी येई. पाठ्यपुस्तकात मजुरी ही मागणी व पुरवठा यांनी ठरणारी किंमत होती. येथे मात्र श्रम विकणाऱ्याला दुसऱ्या मालकाकडे जाण्याची मुभाच नव्हती. म्हणजे सिद्धान्ताने जे गृहीत धरले होते नेमके तेच या गावात नव्हते. रानडे यांचा आक्षेप चोवीस वर्षांनंतर अशा रीतीने प्रत्यक्ष गावात पडताळून पाहता आला.

पुढे पी. जे. थॉमस व के. सी. रामकृष्णन यांनी स्लेटर यांच्या काही खेड्यांची पुन्हा पाहणी केली. तिचा वृत्तान्त १९४० साली प्रसिद्ध झाला. इरुवेलपट्टूची पाहणी तर त्यानंतरही १९६१, १९८१ व २००८ मध्ये झाली. एकाच गावाचा सुमारे नव्वद वर्षांचा आलेख त्यामुळे उपलब्ध आहे. मजूर कुटुंबांचे जमीनमालकांवरील अवलंबित्व कसे कमी होत गेले आणि शेतीबाहेरच्या कामांना कसे महत्त्व आले, हे त्यातून दिसते. या साऱ्याचा पाया विद्यार्थ्यांच्या टिपणांनी घातला, ही गोष्ट विसरता कामा नये.

यावरून सिद्धान्त निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. खंड, व्याज व मजुरी या संकल्पना ठाऊक नसत्या, तर काय विचारावे हेच त्या विद्यार्थ्यांना कळले नसते. सीमान्त परिणामाचा विचार, मागणीची लवचिकता, राष्ट्रीय उत्पन्नाचे मोजमाप आणि त्यांसाठी लागणारे गणित व संख्याशास्त्र ही सर्व साधने होत. प्रमुख विषय म्हणून अर्थशास्त्र घेणाऱ्याला ती पूर्णपणे हस्तगत केलीच पाहिजेत. परंतु अवजारे पारखण्यातच ज्याचे सर्व दिवस गेले, त्या सुताराच्या हातून दार होत नाही.

आकड्यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक व्यक्तीच्या कामाची नोंद सांकेतिक क्रमांकाने होते. घरकाम एवढेच करणाऱ्यांना ९२ हा क्रमांक मिळतो. घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी सरपण, वैरण, पाणी आणणाऱ्यांना किंवा शिवणकाम करणाऱ्यांना ९३. हे दोन्ही वर्ग श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात. केवळ कोष्टक वाचणारा विद्यार्थी म्हणेल की अनेक स्त्रिया काम करीत नाहीत. ज्याने पहाटे मोळी घेऊन परतणारी बाई पाहिली आहे, तो मात्र ‘काम’ या शब्दाची व्याख्या कोणती, असे आधी विचारील. दोघांपुढे आकडा एकच असतो. फरक पडतो तो त्यांच्या शिक्षणामुळे.

गौण विषय म्हणून अर्थशास्त्र घेणाऱ्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे. तो उद्या शिक्षक होईल, बँकेत कर्जाचे अर्ज तपासील किंवा तहसील कचेरीत लाभार्थींच्या याद्या करील. अर्थशास्त्राचे पुस्तक तो बहुधा पुन्हा उघडणार नाही, परंतु त्याच्या नोंदींवर अनेकांच्या पदरात काय पडावयाचे ते ठरेल. त्याच्या अभ्यासक्रमातून एखादे अवघड प्रमेय गाळले तरी चालेल. गृहीत तपासण्याची, व्याख्या विचारण्याची आणि स्वतः जाऊन मोजण्याची सवय मात्र गाळता येणार नाही. नव्या आराखड्यात उन्हाळी प्रशिक्षणासाठी दोन ते चार श्रेयांक राखून ठेवलेले आहेत. ते एखाद्या कार्यालयातील प्रमाणपत्रापुरते न राहता आपल्या गावाच्या किंवा वस्तीच्या पाहणीसाठी वापरले, तर १९१६ साली मद्रासमध्ये सुरू झालेले काम आजचा विद्यार्थी पुढे नेऊ शकेल. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक वही, नीट विचारलेले प्रश्न आणि उत्तर ऐकून घेण्याचा धीर एवढेच पुरेसे आहे.