खेळातून ज्ञान, सूत्रे मात्र गुरुजनांच्या हाती

(पालक-शिक्षक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित अंश)



मुले पुस्तकाला हात लावीत नाहीत, पण मोबाईलवरील खेळात तासन्‌तास रमतात, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. या ओढीला शत्रू मानायचे की तिला वळण लावायचे, हा खरा प्रश्न आहे.

1971 साली अमेरिकेतील मिनियापोलिस येथे डॉन रॉविच हा तरुण छात्राध्यापक आठवीच्या मुलांना इतिहास शिकवीत होता. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांची वाटचाल मुलांना अनुभवता यावी, म्हणून त्याने दोन मित्रांच्या साहाय्याने ‘ओरेगॉन ट्रेल’ हा संगणकीय खेळ सिद्ध केला. पडदा नव्हता, टेलिटाइपच्या कागदावर अक्षरे उमटत. मोजक्या पैशांत बैल, अन्न, कपडे, दारूगोळा घ्यायचा. हिशेब चुकला की वाटेत उपासमार. पुढे अमेरिकेतील अनेक पिढ्या शाळेत तो खेळल्या.

याचे मर्म यंत्रात नाही. निर्णयाचा परिणाम तत्काळ दिसतो, अपयशाची नामुष्की होत नाही आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. संघस्थानावर खेळातून संस्कार घडताना ज्यांनी पाहिले, त्यांना हे नवे वाटणार नाही. ताराबाई मोडक यांनीही कोसबाडच्या वनवासी बालकांना परिसरातील वस्तूंतूनच शिकविले.

परंतु त्या खेळातील इतिहास वसाहतकारांच्या नजरेचा होता. मूळ रहिवाशांची बाजू उपेक्षितच राहिली. 2021 च्या नव्या आवृत्तीसाठी त्या समाजातील इतिहासतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागला. खेळ रचणाऱ्याची दृष्टी खेळणाऱ्याच्या मनात नकळत उतरते. म्हणून आपल्या मुलांचे खेळ कोण रचतो, हा प्रश्न गौण नाही. 1660 मधील पन्हाळा ते विशाळगड ही वाटचाल खेळरूपाने वर्गात आली, तर भूगोल, गणित आणि त्याग यांचा पाठ एकाच वेळी मिळेल.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने खेळाधारित शिक्षणाला स्थान दिले. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. दिशा स्पष्ट आहे. उणीव आहे ती कर्त्या हातांची. संगणक अभियंता असलेल्या तरुणांनी गावच्या शाळेतील शिक्षकांसोबत बसून हे काम अंगावर घ्यावे. आणि खेळ संपल्यावर ‘हाच मार्ग तू का निवडलास?’ असे विचारणारा शिक्षक वर्गात हवाच. त्या प्रश्नाविना उरते ती केवळ करमणूक.