रीव्होच्या मठांतील आजाऱ्याची खोली



कांहीं वर्षांपूर्वीं इंग्लंडांत, यॉर्कशायर प्रांतांतील रीव्हो या लहानशा गांवीं जाण्याचा मला योग आला. हेम्सलीपासून सुमारें तीन मैल मी पायीं गेलों. राय नदीच्या खोऱ्यांत एका प्राचीन मठाच्या उंच भिंती उभ्या आहेत. वर छप्पर नाहीं, खालीं गवत वाढलें आहे. दरी इतकी चिंचोळी कीं, मंदिर रिवाजाप्रमाणें पूर्वपश्चिम न बांधतां दक्षिणोत्तर बांधावें लागलें.

संत बर्नार्ड यांनीं क्लेअरव्होहून पाठविलेल्या संन्याशांनीं ११३२ सालीं हा मठ स्थापिला. पुढें संत एल्रेड मठाधिपति असतांना (११४७-११६७) तेथें १४० संन्यासी व ५०० श्रमकरी बंधु होते, असें त्यांच्या शिष्यानें लिहून ठेविलें आहे. आठव्या हेन्री राजाच्या अमदानींत, १५३८ सालीं, मठ बंद झाला. छपराचें शिसें उतरवून वितळविण्यांत आलें. मठाचे दगड गांवांतील घरांस लागले.

तरी त्या कमानींखालीं उभा असतां मला दुसरेंच स्मरलें. संत एल्रेड शेवटचीं दहा वर्षें संधिवातानें व मूतखड्यानें पीडित होते. रुग्णालयाजवळ त्यांच्यासाठीं एक लहानशी खोली बांधिली होती. तेथें वीस-वीस, तीस-तीस बंधु येऊन त्यांच्या खाटेभोंवतीं बसत व मोकळेपणानें बोलत. मंदिर पडलें, राजाही गेला. ती खाट मात्र आठशेंहून अधिक वर्षें लोकांच्या स्मरणांत राहिली आहे.

आपल्या ज्युबिलीसाठीं आपण मंदिरास नवा रंग दिला, कौलें बदललीं. हें सर्व आपण प्रेमानें केलें, याबद्दल मी आपला ऋणी आहें. परंतु एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. रंगाचा व कौलांचा हिशेब पाहण्यांत मी गुंतलों असतां पलीकडच्या आळींतील एका वृद्ध आजाऱ्यानें तीन रविवार माझी वाट पाहिली. अखेर मी गेलों, तेव्हां तो रागावला नाहीं. “फादर, काम फार आहे ना?” एवढेंच म्हणाला. ते शब्द या उत्सवांतही माझ्या मनांतून जात नाहींत.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आजच्या मिस्सेनंतर, जेवणखाण आटोपल्यावर, प्रत्येक घरांतून एकानें तरी एखाद्या आजाऱ्यापाशीं जाऊन घटकाभर बसावें. मीही त्याच बाबांकडे जात आहें.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.